दोन्हीकडून वाचता येणारी नावं

'ती होडी जाडी होती' किंवा 'रामाला भाला मारा' ही वाक्यं शाळेत कुणी ना कुणी तुम्हाला उलटी वाचून दाखवली असतील. सुरुवातीकडून वाचा नाहीतर शेवटाकडून, वाक्य तेच. याला विलोमपद म्हणतात, इंग्रजीत पॅलिन्ड्रोम. ही गंमत शाळेत दोन दिवस टिकते आणि मग आपण ती विसरून जातो. स्पेनमधल्या एका माणसाला मात्र ती विसरणं अवघड गेलं असणार, कारण त्याचं आडनावच तसं आहे. रोमन लिपीत एम-ई-डी-ई-एम. मेदेम.

हुलिओ मेदेम हा सिनेमा दिग्दर्शक. १९९८ साली त्यानं एक प्रेमकथा केली. नायकाचं नाव ओट्टो, नायिकेचं नाव आना. रोमन अक्षरांत ही दोन्ही नावंही उलटसुलट सारखीच. सिनेमाचं नाव 'लोस आमांतेस देल सिर्कुलो पोलार', म्हणजे ध्रुववृत्तावरचे प्रेमिक. 'मनी हाइस्ट'मधली ती गरोदर इन्स्पेक्टर अलिसिया सिएरा आठवते ना? ती भूमिका करणारी नाज्वा निम्री यात मोठ्या वयाची आना आहे. मालिकेतल्या त्या धारदार बाईला विसरून हा सिनेमा बघायला सुरुवात करा.

पुढे मी सिनेमाचा शेवट सांगणार आहे. ज्यांना चालत नाही त्यांनी इथं थांबावं. पण खरं तर मेदेम स्वतःच सुरुवातीच्या काही मिनिटांत शेवटाचे तुकडे दाखवून टाकतो: बर्फ, पडलेलं विमान, वाऱ्यावर फडफडणारं वर्तमानपत्र, आणि एका मुलीच्या डोळ्यांत दिसणारा मुलगा. काय होणार हे त्याला लपवायचंच नाहीये. ते कुणाला कसं दिसलं, हे त्याला सांगायचंय.

मी मराठी मालिकांच्या एडिटिंगचं काम करते. अंधेरीतल्या एका छोट्या खोलीत, एसीच्या गारठ्यात, दिवसाचे दहा-बारा तास. आमच्याकडे फ्लॅशबॅकची रीत ठरलेली आहे. सासूनं तीन आठवड्यांपूर्वी कपाटातून बांगड्या काढल्या तो शॉट उचलायचा, थोडा निळसर करायचा, कडा धूसर करायच्या, आवाजाला घुमारा द्यायचा आणि टाइमलाइनवर टाकायचा. शॉट तोच असतो, कारण फ्लॅशबॅक म्हणजे पुरावा. 'बघा, असंच घडलं होतं' असं प्रेक्षकाला बजावायचं असतं.

हा सिनेमा मला आमच्यातल्याच एका ज्येष्ठ एडिटरनं दिला. 'यातले रिपीट बघ' एवढंच म्हणाले. बघितला, आणि हातातलं काम मला आठवडाभर विचित्र वाटत राहिलं.

सिनेमा प्रकरणांत विभागलेला आहे. कधी पडद्यावर 'आना' असं नाव येतं, कधी 'ओट्टो', आणि गोष्ट त्या त्या माणसाच्या आवाजात पुढे जाते. पहिली भेट दोन्हीकडून येते. ओट्टोची बाजू अशी: तो आठ वर्षांचा आहे, शाळेबाहेर गेलेल्या चेंडूमागे धावतोय, पुढे एक मुलगी धावतेय, ती पडते, वळून बघते. त्या नजरेनं तो कायमचा अडकतो. आनाची बाजू अशी: आई शाळेत आलीय ती बाबा गेले हे सांगायला. आना पळत सुटते, कारण पळत राहिलं तर ते खरं होणार नाही असं तिला वाटतं. ती पडते, मागं बघते, तिथं एक मुलगा उभा. बाबा या मुलात येऊन राहिले आहेत, असं ती ठरवून टाकते.

एकच क्षण. त्याच्यासाठी ते प्रेम आहे आणि तिच्यासाठी ते मरणावरचं औषध. दोघंही एकमेकांना हे बरीच वर्षं सांगत नाहीत. आमच्या मालिकेत हा क्षण दुसऱ्यांदा दाखवायचा तर आम्ही तोच शॉट वापरला असता. मेदेमला तो वापरता येत नाही, कारण त्याच्या लेखी असा एकच एक खरा शॉट अस्तित्वातच नाही.

पुढची गोष्ट थोडक्यात. ओट्टो कागदाच्या विमानांवर प्रेमाविषयीचा एक प्रश्न लिहून ती शाळेच्या खिडकीतून सोडतो. त्या विमानांच्या निमित्तानं त्याचे बाबा आणि आनाची आई बोलायला लागतात, प्रेमात पडतात. ओट्टोच्या आईबाबांचा संसार मोडतो. ज्या मुलीवर प्रेम आहे ती आता घरातली बहीण होऊन बसते. दोघं मोठे होतात, रात्री खिडकीतून एकमेकांच्या खोलीत जातात. मग ओट्टोची आई एकटीच घरात मरून जाते आणि तो अपराधीपणानं सगळं सोडून निघून जातो. तो टपाल वाहून नेणाऱ्या विमानाचा वैमानिक होतो, आना शिक्षिका होते. माद्रिदच्या प्लाझा मायोर चौकात दोघं एकमेकांकडे पाठ करून बसतात आणि त्यांना पत्ताही लागत नाही. शेवटी आना फिनलंडमध्ये ध्रुववृत्तावरच्या एका लाकडी घरात जाऊन राहते आणि तळ्याकाठी खुर्ची टाकून त्याची वाट बघते. जूनमधला मावळतच नाही असा सूर्य असतो समोर.

असं सांगितलं की योगायोगांची खिरापत वाटते. बऱ्याच लोकांनी या सिनेमाकडे तसंच बघितलंय. मला मात्र त्यातली मेहनत दिसते.

मेदेमचा जन्म १९५८चा, सान सेबास्तिआनचा. हे स्पेनच्या उत्तरेकडचं बास्क प्रदेशातलं समुद्राकाठचं शहर. शिक्षणानं तो डॉक्टर. लहानपणी वडिलांचा सुपर एट कॅमेरा घेऊन रात्री गुपचूप शूटिंग करायचा. पदवी घेतल्यावर दवाखान्यात न रमता सिनेमावर लिहायला लागला, मग दुसऱ्यांच्या सिनेमांत हरकाम्यासारखी कामं केली, त्यात एडिटिंगही आलं. १९९२ साली त्याचा पहिला मोठा सिनेमा आला, 'वाकास', म्हणजे गायी. शेजारशेजारच्या दोन बास्क घराण्यांचं वैर, १८७५ ते १९३६. त्यात त्यानं कार्मेलो गोमेझ या एकाच नटाला तीन पिढ्यांतल्या तीन भूमिका दिल्या. आजा, मुलगा, नातू, चेहरा तोच. माणसं बदलली तरी भांडण बदलत नाही हे सांगायला याहून सोपी युक्ती नाही.

सहा वर्षांनी ध्रुववृत्ताच्या सिनेमात त्यानं हीच युक्ती उलटी केली. इथं एका माणसाला तीन चेहरे. ओट्टो तीन जणांनी केलाय आणि आनाही तिघींनी: बालपण, किशोरवय, तारुण्य. मोठा ओट्टो म्हणजे फेले मार्तिनेझ. लहान ओट्टो म्हणजे खुद्द दिग्दर्शकाचा मुलगा. त्याचं नाव पेरू. हसू नका, बास्क भाषेत हे पीटर नावाचं रूप आहे. वयाच्या एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जाताना चेहरा बदलतो, पण नजर तीच आहे असं आपल्याला वाटलं पाहिजे. हे काम नटांचं जितकं, तितकंच कापणाऱ्याचं. नजर कुठल्या फ्रेमवर सोडायची आणि नव्या चेहऱ्याची कुठल्या फ्रेमवर उचलायची, यात सगळं आलं. इवान आलेदोला या सिनेमाच्या एडिटिंगसाठी गोया पुरस्कार मिळाला. स्पेनमध्ये गोयाचा मान आपल्या राष्ट्रीय पुरस्कारासारखा. दुसरा गोया संगीतकार आल्बेर्तो इग्लेसिआसला मिळाला. तोही सान सेबास्तिआनचा. अल्मोदोवारच्या सिनेमांचं आणि 'द काइट रनर'चं संगीत त्याचंच.

आता विलोमपदाकडे. सतराव्या शतकात दक्षिणेत वेंकटाध्वरी नावाचा कवी होऊन गेला. त्याचं 'राघवयादवीयम्' हे छोटं संस्कृत काव्य सरळ वाचलं की रामाची गोष्ट निघते, तेच श्लोक उलटे वाचले की कृष्णाची. अक्षरं तीच, गोष्ट वेगळी. मला वाटतं, मेदेमचा सिनेमा 'होडी जाडी'पेक्षा या काव्याच्या जवळचा आहे. नावं दोन्हीकडून सारखी वाचता येतात आणि म्हणूनच डोळ्यांत भरतं की त्या नावांच्या माणसांची गोष्ट तशी वाचता येत नाही. एका टोकाकडून एक निघते, दुसऱ्या टोकाकडून दुसरी. आणि लिपी बदलली की नावंही दगा देतात. देवनागरीत 'आना' उलटं वाचलं तर 'नाआ' होतं, ओट्टोचं तर काहीच होत नाही.

हे मला एवढं का लागलं, ते सांगते.

मी सात वर्षांची असताना आई मला घेऊन कोल्हापूरहून नाशिकला, आजोळी निघून आली. कायमची. एसटीची रातराणी होती. आईच्या गोष्टीत बाबा स्टँडवर आले नाहीत. 'पोरीला शेवटचं बघायलाही आला नाही तो माणूस,' हे वाक्य मी वाढदिवसांना, निकालांना, लग्नकार्यांत ऐकत मोठी झाले. तिच्या गोष्टीत एकच चांगला माणूस आहे, कंडक्टर. मी रडत होते म्हणून त्यानं मला चिक्कीचं पाकीट दिलं. 'देवमाणूस होता,' आई म्हणते.

दोन वर्षांपूर्वी बाबांनी त्यांची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. मी विचारलं नव्हतं. गंगावेशीत दूध पिऊन चालत परत येत होतो आणि ते एकदम म्हणाले, 'त्या रात्री मी स्टँडवर होतो.' शेजारच्या फलाटावर एक गाडी लागली होती, तिच्या आड उभे होते. पुढे आलो तर तमाशा होईल, तुझ्या आईला त्रास होईल, म्हणून आलो नाही म्हणाले. चिक्की घेतली आणि कंडक्टरच्या हातात दिली. 'खिडकीतल्या त्या पोरीला द्या, कुणी दिली सांगू नका.'

मला स्वतःला त्या रात्रीतली एक खाकी बाही आठवते आणि तिकिटाच्या पंचाची टिकटिक. चिक्की आठवते. बाकी काही नाही.

पहिल्यांदा मी एडिटरसारखाच विचार केला. दोन्ही गोष्टी एकावर एक ठेवून कुठं जुळतात, कुठं नाहीत ते बघायचं. कंडक्टर जुळतो. चिक्की जुळते. म्हणजे बाबा खरं बोलताहेत? की आईकडून कधीतरी ऐकलेल्या चिक्कीभोवती त्यांनी स्वतःला रचून घेतलंय? खरा शॉट मिळाला की बाकीचे टाकून देता येतील, असा माझा हिशेब. पण या प्रकारात रशेस नसतात. तो कंडक्टर आता कुठं असेल आणि त्याला तरी काय आठवणार?

नंतर हा सिनेमा बघितला, तेव्हा लक्षात आलं की मेदेम एकावर एक ठेवतच नाही. तो एकापुढे एक ठेवतो. आधी तुझं पूर्ण ऐकतो, मग तिचं पूर्ण. मधे येऊन निकाल देत नाही. ओट्टो बरोबर की आना, हा प्रश्न सिनेमा संपला तरी मनात येत नाही. एवढी साधी गोष्ट आमच्या घरात वीस वर्षांत कुणाला जमली नव्हती.

हे शहाणपण मेदेमला कुठून आलं असेल? त्याच्या प्रदेशाचा इतिहास बघितला की थोडा अंदाज येतो. २६ एप्रिल १९३७ रोजी, स्पेनच्या यादवी युद्धात, जर्मन काँडर लीजनच्या आणि इटलीच्या विमानांनी बास्क प्रदेशातलं गेर्निका हे गाव बाजाराच्या दिवशी बॉम्ब टाकून जाळलं. पिकासोच्या चित्रामुळे जगाला माहीत झालं ते हेच गाव. सिनेमात ओट्टोला हे जर्मन नाव मिळालंय ते याच युद्धामुळे. त्याच्या आजोबांना पॅराशूटसकट झाडाला अडकलेला एक जर्मन वैमानिक सापडतो. आजोबा त्याला मारत नाहीत, खाली उतरवतात. त्या वैमानिकाचं नाव नातवाला मिळतं. म्हातारा झालेला तोच वैमानिक फिनलंडमध्ये राहतो आणि आना ज्या घरात वाट बघत बसते ते घर त्याचं. मेदेमच्या स्वतःच्या घराण्यातही वडिलांच्या बाजूला जर्मन मूळ आहे आणि जन्म बास्क प्रदेशातला. बॉम्ब टाकणारे आणि बॉम्ब झेलणारे या दोघांच्या गोष्टी ज्याच्या घरात असू शकतात, त्याला एकच बाजू खरी मानणं अवघडच.

शेवट जिथं होतो ते रोवानिएमी शहरही असंच. ध्रुववृत्तापासून काही किलोमीटरवर. ऑक्टोबर १९४४मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं ते जवळपास पूर्ण जाळलं आणि युद्धानंतर ते नव्यानं वसवलं गेलं. सिनेमा हे सांगत बसत नाही. पण माहीत असलं की त्या स्वच्छ, रुंद रस्त्यांकडे बघताना वेगळं वाटतं.

दोन्ही बाजू ऐकून घेणं हे गोड-गोड काम नाही, हेही मेदेमच्याच बाबतीत कळलं. २००३ साली त्यानं 'ला पेलोता वास्का' हा माहितीपट केला, बास्क प्रश्नावर. बास्क राष्ट्रवादी, त्यांचे विरोधक, बॉम्बस्फोटांत माणसं गमावलेले, कोठडीत छळ सोसलेले, लेखक, पुढारी, अशा कितीतरी जणांना कॅमेऱ्यासमोर बसवलं. तेव्हाचा सत्ताधारी पक्ष आणि ईटीए ही सशस्त्र संघटना यांनी यायला नकार दिला. सिनेमा आला आणि गदारोळ झाला. मारणारे आणि मरणारे एका तराजूत घातले, असा आरोप झाला. पुढच्या गोया सोहळ्याबाहेर दहशतवादाच्या बळींच्या संघटनेनं निदर्शनं केली. ज्यांचं माणूस गेलंय त्यांचा राग मला खोटा वाटत नाही. आपल्या गोष्टीशेजारी दुसऱ्याची गोष्ट ठेवली जाणं, हीच कधीकधी जखम असते.

आमच्या घरी हे छोट्या प्रमाणात झालं. बाबांनी सांगितलेलं मी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले. म्हणाली, 'म्हणजे मी वीस वर्षं खोटं सांगत आले?' मी म्हटलं, तसं नाही गं. पण तिच्या दृष्टीनं तसंच होतं. तिनं त्या गोष्टीवर एकटीनं संसार ओढला होता. तो आला नाही म्हणून ती गेली ते बरोबर होतं. तो आला असेल, तर त्या रात्रीला अजून एक दार होतं आणि ते तिनं बघितलं नाही. चार दिवस तिनं फोन उचलला नाही.

सिनेमाच्या शेवटाकडे येते. ओट्टो टपालाचं विमान घेऊन निघतो, पॅराशूटनं उडी मारतो आणि आजोबांच्या त्या वैमानिकासारखाच झाडाला लटकतो. इकडे आनाला रोवानिएमीत वर्तमानपत्रात पडलेल्या विमानाचा फोटो दिसतो. ती बातमीत बुडालेली, रस्ता ओलांडताना बस येते. मेदेम इथं शेवटही दोन देतो. एकात आना जिना चढून धावत जाते, ओट्टोला मिठी मारते. दुसऱ्यात ती रस्त्यावर पडलेली आहे आणि धावत आलेला ओट्टो तिच्या उघड्या डोळ्यांत दिसतोय. तो तिला दिसला की नाही, कुणास ठाऊक. योगायोगांचा एवढा मोठा साठा असलेला दिग्दर्शक नेमक्या शेवटच्या क्षणी हात आखडता घेतो. वर्तुळ पूर्ण होत नाही. रोमन अक्षरांतली सगळी विलोमपदं इथं संपतात आणि मला आपल्या भाषेतलं एक आठवतं, नयन. उलटं वाचलं तरी नयन. पण डोळ्यात बघणारा आणि डोळ्यात दिसणारा, हे दोघं काही एक नसतात.

मेदेमला आना नावाची बहीण होती. चित्रकार. २००१ साली ती मोटार अपघातात गेली, म्हणजे या सिनेमानंतर तीन वर्षांनी. २००७मध्ये त्यानं 'काओतिका आना' हा सिनेमा केला आणि त्यात तिची चित्रं वापरली. नाव आना, मरण रस्त्यावर. हे वाचून मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. सिनेमाची भाषा अंगात भिनली की यातही वर्तुळ दिसायला लागतं. पण मला ते काढायचं नाही. सिनेमातलं मरण कुणीतरी लिहिलेलं असतं, कापलेलं असतं, त्याला संगीत दिलेलं असतं. बहिणीचं मरण नुसतं येतं. त्या दोघांना जोडणारी रेघ बाहेरून ओढणं म्हणजे पुन्हा एकावर एक ठेवणंच झालं.

हा सिनेमा बघाल तेव्हा शक्यतो एका बैठकीत बघा आणि मोबाइलवर बघत असाल तर आडवा धरून, ब्राइटनेस वाढवून बघा. रंग थंड आहेत, बर्फाचे आणि धुक्याचे. छोट्या पडद्यावर डोळ्यांतलं प्रतिबिंब निसटून जातं. आणि दुसरी बाजू सुरू झाली की 'हे आधी दाखवलंय' म्हणून पुढे ढकलू नका. आधी दाखवलेलं नसतं ते.

आईचा फोन पाचव्या दिवशी आला. आधी गॅस सिलिंडरचं बोलली, मग मावशीच्या गुडघ्याचं. ठेवता ठेवता म्हणाली, 'आणि काय गं, कुठल्या गाडीच्या आड उभा होता म्हणे?'

मी म्हटलं, विचारून सांगते.